चमचाभर वारा

फार्मसीतल्या मुलीने डबीवर चिठ्ठी चिकटवली होती:
बाटलीचं चित्र, त्यावर लाल फुली.
मी पाहिली होती.
फुली कळायला चष्मा लागत नाही.

जावेचा साठावा वाढदिवस. निखाऱ्यांवर कोकरू,
रोसामेलने उघडलेली तिसरी बाटली.
दोनच पेले, म्हटलं. मग अजून एक.
घरी येऊन रोजची गोळी,
आणि डोळा लागेना म्हणून
अर्धी.
अर्धीला कोण मोजतं?

पुन्ता अरेनासमध्ये वारा मोजून मिळत नाही.
इथली झाडं जन्मभर एका कुशीवर निजतात.
पोरं वारं प्यायलेल्या वासरांसारखी
उतारावरून सामुद्रधुनीकडे सुटतात.
वादळी दिवसांत चौकात दोर बांधतात,
म्हाताऱ्यांनी धरून रस्ता ओलांडावा म्हणून.

आणि त्या रात्री
पत्रे उचकटेल एवढा वारा छपरावर,
माझ्या छातीत चमचाभर जाईना.

एक आत.
मग काहीच नाही.
मग, कुणी ढकलल्यासारखा, दुसरा.

एकतीस वर्षं मी कारखान्यात खेकड्यांचे डबे भरले,
हवा ओढून घेणाऱ्या यंत्रापाशी उभी राहून.
डबा आतून कसा असतो
ते सव्वातीनला कळलं.
झोप तर अशी अंगावर येत होती,
आणि मी झोपले
तर श्वास घ्यायला जागं कोण राहणार?

भिंतीवर चप्पल आपटली.
शेजारची क्लोदोमिरा अनवाणी आली,
दार उघडंच टाकून. सगळा वारा घरात.

डॉक्टर पोरगेला. कॉलर एकीकडे आत दुमडलेली.
गोळ्या मी खऱ्या सांगितल्या, पेले खोटे.
त्याने खुर्ची जवळ ओढली, हळू विचारलं,
"जीव द्यायचा होता का, दोन्या एदुविना?"
नाही रे बाबा. झोपायचं होतं.
तो काही लिहीना. नुसता बसला.
मग मी म्हटलं, तीन. भरलेले.

आता बरी आहे म्हणतात. कागदावर तसं आहेही.
पण संध्याकाळी वारा पडतो, गाव गप्प होतं,
तेव्हा हात आपोआप बरगडीवर जातो,
आत कुणी आहे का बघायला.

कुणी मला वाऱ्यावर सोडलं नव्हतं,
हे मी स्वतःला सांगते.
तरी काल रविवारी, पानही हलत नसताना,
चौकातला दोर धरून उभी राहिले.
दोन पोरी हसल्या.
हसू देत.
सिग्नल तीनदा हिरवा झाला.