तहकूब सभा

हरिद्रा सहकारी गृहनिर्माण संस्था मर्यादित,
गावभाग, सांगली.
रविवार, सकाळी दहा. पार्किंगमध्ये
एकोणीस खुर्च्या, दोन हात मोडक्या.
हजर: मी, मानद सचिव.

गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब,
याच जागी, याच विषयांसाठी.
लिहून खाली सही करते.
साडेदहाला संख्येची अट उरत नाही,
आले तेवढे पुरतात.
पण हा अर्धा तास बसून करायचं काय
ते उपविधींत दिलेलं नाही.

नोटीस चौदा दिवस आधी लावली होती, लिफ्टपाशी.
मगदुमांच्या नातवानं तिच्यावर
चार षटकांचा धावफलक मांडलाय.
वर कुकर शिट्ट्या देतायत, सगळे घरातच आहेत.
तिसऱ्या मजल्यावरून अत्तार वाकतात,
"सुरू झाली का ताई?"
"तुम्ही आलात की होईल."
"बरं, झाली की सांगा."

विषय दोन: कै. इंदुताई उपाध्ये यांचा भाग-दाखला.
धाकटा भाचा नामनिर्देशनाचा कागद घेऊन येतो,
म्हणतो, घर माझं.
मी म्हणते, बाळा, तू किल्ली सांभाळणारा,
वारस कोण ते कोर्ट सांगेल.
तो म्हणतो, मग आत्यानं माझं नाव का लिहिलं?
याला माझ्याकडे कलम आहे. उत्तर नाही.

विषय तीन: मानीव अभिहस्तांतरण.
शब्द उच्चारताच निम्मे सभासद चहाला उठतात.
अर्थ एवढाच, की बिल्डर गेला बेळगावला
आणि पायाखालची जमीन
उताऱ्यावर अजून त्याच्याच नावानं उभी आहे.
नदीनं ताबा घेतला तेव्हा
कुठला उतारा पाहिला होता?

समोरच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्या वीतभर वर,
एक रेघ आहे.
रंगाऱ्यानं तीनदा झाकली, तीन पावतींचे पैसे घेतले.
दमट हवा सुटली की चहाच्या डागासारखी
परत वर येते.

त्या आठवड्यात गच्चीवर
नोटीस न काढता गणपूर्ती झाली होती.
भाडेकरू होते, वॉचमनची बायको बाळंतीण,
मेंटेनन्सवरून चार वर्षं अबोला धरलेले
एकाच ताडपत्रीचं टोक धरून उभे.
मतदान कुणी मागितलं नाही.
आणि खराडे,
दुकानात गुडघाभर पाणी असताना
गल्ला सोडून भडंगाची तीन पोती
खांद्यावरून चार जिने चढवणारे.
पाच दिवस आम्ही ते खाल्लं,
लसूण वेचून पोरांना दिला.

दुकान त्यानंतर उघडलंच नाही.

विषय चार:
सदनिका क्रमांक सहा, श्री. प्रल्हाद दाजी खराडे,
थकबाकी एकसष्ट हजार दोनशे चाळीस, अधिक व्याज,
वसुली दाखल्यासाठी निबंधकांकडे अर्ज करण्याबाबत.
मजकूर माझाच. अक्षरही चांगलं आलंय.

दहा पंचवीस.
जिन्यावर चपला वाजतात.
इस्त्रीचा शर्ट, हातात स्वतःची घरची खुर्ची.
"तुमच्या खुर्च्या मोडक्या असतात," खराडे म्हणतात,
आणि नेमके पहिल्या रांगेत बसतात.

साडेदहा. मी वाचत जाते.
एक, दोन, तीन. चारला घसा साफ करते.
ते चष्मा पुसत ऐकतात.
"सूचक तुम्ही?"
"हो."
"अनुमोदक लागेल ना?"
मी उपविधींचं पुस्तक उघडते,
थकबाकीदाराला आपल्याच वसुलीचं अनुमोदन
देता येतं का, पान शोधते.
तोवर त्यांनी सही केलेलीही असते,
जुन्या दुकानदाराची, बिलावर करायची तशी,
खाली दोन ठिपके.
"व्याज काका," मी म्हणते.
"नियमानं जे होईल ते."

वरून अत्तार: "झाली का?"
कुणीच उत्तर देत नाही.

शेवटी, नेहमीचं, अध्यक्षांच्या परवानगीनं
ऐनवेळचे विषय.
अध्यक्ष पुण्याला, मुलीकडे.
मी लिहिते:
भडंग, तीन पोती. जमेला धरलेलं नाही.
चर्चा झाली.
निर्णय पुढील सभेत.