रोज बसतेस तशी

दीड वेटोळं काप, बूटा तौफीक म्हणाले होते,
दीडच.
मी अडीच कापलं.
ग्राइंडरच्या ठिणग्या अंगणभर,
आणि एकोणनव्वद सालची माझी पिवळी गोल्फ
अशी खाली बसली
की मिचेल्स प्लेनची पोरं खेळ टाकून बघायला आली.
चाक आणि मडगार्डच्या मधे
एक बोट शिरेना.
तो आख्खा शुक्रवार मी राणी.

दोन महिन्यांत टायर गेले, आतल्या बाजूने.
बाहेरून काळेभोर, नवेकोरे;
आत हात घातला तर तारा बोचल्या.
रस्ता सरळ, गाडीची ओढ डावीकडे.
स्टिअरिंग सोडलं की निघालीच शेजारच्या फाटकाकडे,
उधारी वसूल करायला निघाल्यासारखी.

बूटा आले. आईचा हा थोरला भाऊ शिव्या देत नाही,
त्यापेक्षा वाईट, गप्प बसतो.
साल्ट रिव्हरच्या कारखान्यात एकतीस वर्षं कोट बेतले;
कारखान्याला कुलूप लागलं, कात्री घरी आली.
गाडीपुढे उकिडवे बसून बघत राहिले,
गिऱ्हाईक पहिल्यांदा दारात येतं तेव्हा बघावं तसे.
"फेंगडी झालीय.
विजार आखूड केलीस, हौस तुझी.
खांदा कोण बसवणार?"

वाऱ्याचा रविवार. आग्नेयेचा वारा आमच्याकडे
वाळू घेऊन येतो आणि वाळत घातलेलं घेऊन जातो.
चार कोपऱ्यांना चार घोड्या,
बटणं टाचायचा मेणाचा दोरा
चाकाच्या मध्याइतक्या उंचीवर, गाडीला समांतर.
दोरा गुणगुणायला लागला.
"थांबू," म्हणाले, आणि भिंतीला टेकले.
वारा पडेपर्यंत आम्ही कुसिस्टर खाल्ले.
पाकाची बोटं मी विजारीला पुसली,
त्यांनी रुमालाला.

सव्वाचारला पान हलेना.
"आत बस."
मी टेप धरते की, इलियास बसेल.
"इलियास चालवतो का गाडी?
गिऱ्हाईक पोट आत ओढून उभं राहतं,
कोट अगदी मापात होतो,
आणि घरी जेवायला बसलं की बटणं उडतात.
रोज बसतेस तशी बस."
बसले. सत्तर किलो, जराशी तिरकी,
एक कोपर खिडकीवर,
पहाटे चारला बेकरीत निघते तशी.
"हां."

आधी वरचा बोल्ट, कॅम्बरचा.
चाकाची वरची कड हळूहळू ओळंब्याकडे सरकली,
पुरती नाही. "एवढी कलू दे, वळणावर कामाला येते."
मग टो. कॅम्बर हलवला की टो हलतोच,
उलट्या क्रमाने गेलीस तर रात्रभर बसशील.
दोऱ्यापासून रिमची पुढची कड. मागची कड.
इलियास आकडे ओरडत होता
पाढे म्हटल्यासारखे, आणि दोनदा चुकला.
टाय-रॉडचा नट गंजलेला.
तो सुटला तेव्हा गाडी सुस्कारली,
किंवा मी.
अर्धा आटा. दोरा सोड, गाडी मागे ढकल, पुढे ढकल,
सांधे आपापल्या जागी बसू देत. दोरा बांध.
पाव आटा. दोरा सोड.
(मी आत, महाराणीसारखी, दोघं घामाघूम.)
सूत जुळेपर्यंत दिवे लागले.

कापलेली स्प्रिंग, मी विचारलं,
परत काही करता येतं?
"नाही. पगार झाला की नवी घे.
तोवर निदान सरळ नेईल."

स्ट्रँडफाँटेनच्या रस्त्यावर, समुद्र उजवीकडे ठेवून,
मी हात काढले.
एक, दोन. पाचापर्यंत मोजलं.
गाडी नाकासमोर.
बूटा खिडकीबाहेर बघत
उरलेला दोरा बोटांवर गुंडाळत होते.
त्यांना दिसलं का, मी विचारलं नाही.

परतताना आमच्याच गल्लीच्या स्पीडब्रेकरवर
पोट घासलं, करकरून,
दोन घरांतले पडदे सरकले.

"तो माझ्या दोऱ्याचा आवाज नव्हे," बूटा म्हणाले,
"तुझ्या कात्रीचा."