सतरा नंबरची पिशवी

वाल्पाराइसोच्या आमच्या टेकडीवर
जिन्याखालच्या खोलीत एक छापयंत्र आहे.
पूर्वी ते बंदरात जहाजांच्या पावत्या छापायचं,
तांबं इतके टन, कांदे इतक्या गोणी.
यास्नाने ते भंगाराच्या भावात उचललं.
टेकडीची लिफ्ट तेव्हा कायमची बंद पडलेली,
म्हणून चौघांनी एकशे बासष्ट पायऱ्या चढवलं.
त्यातल्या एकाची कंबर अजून त्याचं नाव घेते.
तो एक म्हणजे मी.

पहिल्या प्रदर्शनाला अकरा जण आले,
त्यात तीन कुत्री.
कागद उधारीचा, शाई पदरमोडीची.
दोन चित्रं वाऱ्याने नेली, पैसे न देता.

तेव्हा कोपऱ्यावरची ओस्वाल्दिना,
कोपरापर्यंत पीठ,
म्हणाली, माझ्या पिशव्यांवर छापा की.
रोज चारशे जातात.
पावाला कुणाला आमंत्रण लागत नाही.

मग दर शुक्रवारी एक चित्र.
एलेउतेरिओ फळी कोरायचा,
लिफ्टच्याच मोडक्या बाकाची.
त्याचा उभा जन्म ती लिफ्ट चालवण्यात गेला,
त्यामुळे त्याच्या चित्रात आडवं काही नसे.
समुद्रसुद्धा उभा,
दोरीवर वाळत घातलेल्या चादरीसारखा.

खाली चार ओळी माझ्या.
मी खिळे जुळवायचो.
'आर'चे खिळे मोजून सहा,
आणि आमच्या भाषेत समुद्रालाही 'आर' लागतो, प्रेमालाही,
म्हणून दोन्ही जपून वापरायचो.

शाई गरम पावाला लागायची.
निळ्या ओठांची पोरं पाहून
खालच्या शाळेतल्या बाई म्हणायच्या,
आज शुक्रवार वाटतं.

असे तीस शुक्रवार.
मग नगरपालिकेचा माणूस धापा टाकत वर आला.
पूर्ण संच हवा, म्हणाला, एक ते तीस,
काचेखाली ठेवू.
आम्ही एकमेकांची तोंडं पाहिली.
पिशवी का कुणी सांभाळून ठेवतं?

दारोदार फिरलो.
नऊ नंबर फ्रेसियाच्या खिडकीत, फुटक्या काचेच्या जागी.
बाविसात बटणं.
चारवर कुणीतरी सोडवलेलं गणित, तेही चुकलेलं.
तेरा नंबर बेनिग्नोच्या बुटात,
कोरलेल्या बोटीवर त्याची टाच अशी उमटलेली
की एलेउतेरिओ म्हणाला, हे माझ्याकडून राहिलंच होतं.
एर्मेलिंदाने बारा पिशव्या दाखवल्या,
इस्त्री केलेल्या,
आणि कपाट बंद केलं.
पाव मी विकत घेतलाय, म्हणाली.
तिची समजूत घालायला आठवडा गेला,
आणि एक केक.

सतरा मात्र कुठेच नाही.
यास्ना म्हणते, देवमासा होता.
ओस्वाल्दिना म्हणते, छे, माझी आई होती, भट्टीपाशी.
पोरं म्हणतात, बूट.
एलेउतेरिओने तर त्या फळीवर रंधा मारून
अठरा कोरला होता. लाकूड काय झाडाला लागतं, म्हणाला,
आणि मग स्वतःच हसला.
माझ्या चार ओळी?
खिळे परत खणात गेलेले,
सहाही 'आर' आपापल्या जागी निवांत.

प्रदर्शन खाली झालं, मोठ्या दालनात.
सतराच्या जागी ओस्वाल्दिनाने कोरी पिशवी ठेवली,
आत ताजा पाव.
काच लावू दिली नाही, वाफ धरते म्हणून.
भाषणं झाली.
लोकांची कला, असं साहेब तीनदा म्हणाले,
यास्ना बोटांवर मोजत होती.

दिवे मालवताना पाहिलं,
पिशवी होती, पाव नव्हता.
नुसता चुरा,
टेबलापासून दारापर्यंत सांडत गेलेला.

मला वाकता येत नाही, सांगितलंच.
एलेउतेरिओ वाकला.
बराच वेळ त्या चुऱ्याकडे बघत राहिला,
मग खिशात पेन्सिल चाचपू लागला.