चिठ्ठीखाली चिठ्ठी

रेइनिसने काडेपेटी टेबलावर ठेवली.
आतून खरवडल्याचा आवाज.
"बर्चखाली सापडला. दुर्मीळ आहे ना?"
दुर्मीळ कसला, मे महिन्यात
वेंता नदीकाठच्या प्रत्येक दिव्यावर
आपटत असतात हे भुंगेरे.
पण मी तसं म्हटलं नाही.
भिंग दिलं त्याच्या हातात.

आधी मिशा बघ.
टोकाशी पंखा आहे, मिटलेला.
ऊन ऊन श्वास सोड त्याच्यावर. उघडला?
पाती मोज.
तो ओठ हलवत मोजतो, सहावर अडतो,
पुन्हा पहिल्यापासून.
सात.
सात म्हणजे नर. मादीला सहाच, तीही आखूड.

आता कडेने. पोटावर पांढरे त्रिकोण,
कुणी चुन्याचं बोट ओढत गेल्यासारखे.
पाठ राईच्या पावाच्या रंगाची.
रंगावर मात्र जाऊ नकोस,
रंग ओल्यात वेगळा, मेल्यावर वेगळा.

खरं काय ते शेवटाला:
ढाप्याबाहेर आलेलं शेपटाचं टोक.
हळूहळू निमुळतं होत गेलं, तर शेतातला.
एकदम आवळून पुढे घुंडी, तर रानातला.
दोघेही तीन-चार वर्षं हुमणी होऊन
अंधारात मुळं खातात,
आणि वर येतात जेमतेम महिन्यासाठी.

"निमुळतं," रेइनिस म्हणाला, हिरमुसून.

ताडून बघायला मी रानातल्यांचा खण ओढला.
वडिलांच्या हाताच्या चिठ्ठ्या,
१९५८, शाई तपकिरी पडलेली.
तिसऱ्या टाचणीशी थांबले.
भिंग परत मागून घेतलं.

निमुळतं.
घुंडी नाही. कशीही पेटी फिरवली
तरी नाही.

चाळीस वर्षं हा खण मी पुसते आहे.
आणि वडील, ज्यांनी कुणाची चूक
कधी पोटात घातली नाही,
आईच्या सुपातलं मीठसुद्धा.

"आता ही फाडायची?"
नाही रे. जुनी चिठ्ठी काढायची नसते.
तिच्याखाली आपली टोचायची,
नाव, तारीख, कुणी ओळखलं ते.

नाव लिहिलं. तारीख लिहिली.
पुढे हात जरा अडला, मग
माझ्या नावाआधी त्याचं लिहिलं.
तो वाचत होता, आपलं नाव, मुंगीएवढं,
म्हणून काडेपेटीकडे कुणाचंच लक्ष नव्हतं.

भुंगेरा उघड्या खिडकीच्या चौकटीवर
श्वास भरत, वर-खाली होत,
सातही पाती पसरून.