पान एकशे तेरा

खोका एकेचाळीस. आज हाच.
बाहेर तळ्यावर धुकं, पलीकडचा बांध अजून दिसत नाही.
मी पेन्सिलीला टोक करते
आणि लुबोर झाहोरा नावाच्या माणसाला
सुतळीच्या गाठीपासून उघडायला घेते.

पहिले चाळीस खोके सोपे होते.
त्यांत मासे होते.
पाचशे वर्षांपूर्वीच्या कार्पचे हिशेब:
कुठल्या तळ्यात पिल्लं किती सोडली,
किती बगळ्यांनी नेली, किती कारभाऱ्याने,
आणि कारभाऱ्याने नेलेली किती
बगळ्यांच्या नावावर मांडली.
"बगळा गोल आकड्यात खात नाही," तो म्हणायचा.
यावरच त्याने नाव कमावलं, जेवढं मासे मोजून मिळतं तेवढं.

सत्तर साली संस्थेतून काढलं.
एका परिच्छेदाचं पत्र. सही: क्विडो पेखार, विभागप्रमुख.
मग एकोणीस वर्षं इस्पितळाच्या तळघरात, बॉयलरपाशी.
कोळशाच्या नोंदींच्या पाठकोऱ्या बाजूवर
तो तळ्यांचे नकाशे काढायचा;
कोपऱ्याकोपऱ्यात काजळीचे अंगठे.
महिन्याला एक जुनी वही मी त्याला चोरून न्यायचे,
पावाच्या पिशवीत, वर कांदे.
हे कुठल्याच दप्तरात नाही.

मग त्या हिवाळ्यात लोक चौकात उभे राहून किल्ल्या वाजवायला लागले,
आणि उन्हाळ्याच्या आत हा मंत्री.
सूट मेहुण्याचा, बाह्या आखूड.
प्रागहून फोन आला: "मिलादा, टेबल इतकं मोठं आहे
की पाणी भरलं तर कार्प पोसता येतील."
मग जरा थांबून: "इथे कागद वाचत नाहीत गं. सह्या करतात."

हयातभर दुसऱ्यांच्या सह्या भिंगाखाली धरल्या त्याने.
त्याची स्वतःची पहिल्या आठवड्यात अख्खी आहे, ठसठशीत.
मार्चपर्यंत निम्मी.
पुढे नुसतं एक अक्षर आणि शेपूट.
मला त्या शेपटाचं फार वाईट वाटलं.

तर खोका एकेचाळीस.
संस्थांमधून कमी करायच्या माणसांची यादी,
जुन्या राजवटीत कुणी काय केलं, अकारविल्हे.
समासात त्याचं मुंगीएवढं अक्षर:
"पुरावा?"
"हा तो नव्हे. बापाचं नाव पाहा."
"आकडे गोल आहेत. पुन्हा मोजा."
एकशे दहा. एकशे अकरा. एकशे बारा.
एकशे चौदा.

मी पुन्हा मोजलं.
शिवणीपाशी बोटभर कागद उरलाय, कड ओबडधोबड.
कापलेलं नाही. ओढलंय.
एकशे बारा पाव्हेल्कावर संपतं,
एकशे चौदा पेर्झिनाने सुरू होतं.
मधे कोण बसतं ते शाळेतलं पोरही सांगेल.

आणि हाच माणूस
एका गहाळ पानापायी, मरून चार शतकं झालेल्या कारकुनाला
नावानिशी शिव्या द्यायचा.

पेखार पेन्शनीपर्यंत नोकरीत राहिला.
नाताळच्या आधी माशांच्या टबापाशी रांगेत भेटायचा, टोपी काढायचा.
त्याला ठाऊक होतं का, मी विचारलं नाही.
दया असेल. कंटाळा असेल.
आपल्याच सूडाची भीती वाटली असेल.
की त्या पानावर आणखी कुणाची सही होती,
सत्तरच्या पत्राहून जुनी,
अख्खी, ठसठशीत?

हे वाक्य मी खोडणार होते. राहू दे.

शिवणीच्या फटीत एक खवला सापडला,
नखाएवढा, वाळून काचेसारखा झालेला.
नाताळच्या ताटातला आपण पाकिटात ठेवतो, वर्षभर पैसा टिकावा म्हणून.
त्याच्या पाकिटात टिकला नाही; मेला तेव्हा
कोळसेवाल्याचं देणं होतं.

शेरा लिहायचा रकाना अरुंद आहे.
"गहाळ" लिहिलं तर कुणाचाच हात नाही.
"फाडलेलं" लिहिलं तर त्याचा.
जेवून आल्यावर बघू.
खवला मात्र यादीत घेतलाय:
वस्तू, एक.