पाणीपातळी

आमच्या कर्जाला सांगण्यासारखं कारण नाही.
कुणी आजारी नव्हतं, कुणाचं लग्न नव्हतं.
सोफा होता.
सुकुमारची नवी गाडी होती, जुनी चालत असताना.
आणि भिशीच्या बायकांबरोबर काढलेले
महाबळेश्वरचे तीन दिवस,
त्यातले दोन धुक्यात गेले.

दोन लाख पंच्याऐंशी हजार.
राजवाडा चौकातल्या दुकानात, जिथं दिवसभर
मी लोकांची प्रतिज्ञापत्रं टाईप करते,
तिथं एकदा टाईप करून बघितलं,
कारणे प्रतिज्ञापत्र लिहून देते की
आणि पुढं काही सुचेना.
बॅकस्पेस दाबून धरला.

खोली भाड्याची. भिंतीवर
त्या पुराची रेघ, माझ्या डोक्यावर हातभर.
मालकानं दोनदा चुना मारला, ती पुन्हा वर येते.
सन्मती तेव्हा सातवीत. रेघेकडं बघत म्हणाली,
आई, आयर्विन पुलावर तेव्हा सत्तावन्न फूट होतं ना?
मग एक फूट म्हणजे पाच हजार.
मी गुणून बघितलं.
बरोबर होतं.

तेव्हापासून आमच्या घरात कर्ज हा शब्द नाही.
सुकुमार कुपवाडवरनं येतो, डबा मोरीत ठेवतो,
विचारतो, किती फूट?
हप्ता साडेसात हजारांचा, उतरतं जेमतेम फूटभर,
बाकीचं व्याज पितं.
पुरातही असंच व्हायचं,
रात्रभर जागून सकाळी चार इंच.
पण त्या चार इंचांवर माणसं हसायची,
पायरी दिसली, पायरी दिसली, म्हणून हाका मारायची.

चोपन्नला घाटावर बसून भडंग खाल्ली,
एका पुड्यात तिघांनी.
एक्कावन्नला काही नाही, सिलिंडर संपला होता.

मग माझी दाढ.
हप्ता चुकला, वर दंड, पाणी वाढलं.
मी म्हटलं, या महिन्यात रेघ नको.
सन्मतीनं काढलीच,
आधीच्या रेघेच्या वर, बारीक, तारीख घालून.
वाढलं तरी लिहायचं असतं, म्हणाली,
नाहीतर लोक बेसावध राहतात.

सोफा विकायला काढला.
माणूस आला, स्प्रिंग दाबून बघितली,
दोन हजार म्हणाला.
ज्याच्यापायी बुडालो, तो अर्ध्या फुटाचाही नाही!
ठेवला.
त्यावरच बसून आता साड्यांना फॉल लावते,
साठ रुपयाला एक.
फूटभर पाण्याला चौऱ्याऐंशी साड्या.
गल्लीतल्या बायकांना वाटतं, हिला शिवणाची हौस.

चाळीस म्हणजे इशारा पातळी.
त्याखाली गेलो त्या दिवशी वाटलं होतं
काहीतरी होईल.
कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या.
पूर ओसरला तेव्हा तरी कुठं वाजंत्री होती,
माणसं खराटे घेऊन गाळ काढत होती.

काल दुपारी फोन आला.
मॅडम, तुमचे हप्ते आता छान नियमित आहेत,
टॉपअप मंजूर झालाय,
हो म्हणा, लगेच खात्यावर सोडतो.
सन्मती वहीतनं मान वर करून बघत होती.
मी म्हटलं, दादा,
इथं आत्ता कुठं उतरायला लागलंय,
तुम्ही वरनं सोडू नका.
पलीकडं गप्प.
सांगलीचा नसावा.

रात्री मात्र झोप लागेना.
किती म्हणाला होता तो?
दीड लाख, का पावणेदोन?
शेजारी सुकुमार घोरत होता,
त्याच्या चपलेचा अंगठा मी कालच शिवलाय.

उठले. दिवा नाही लावला.
भिंत चाचपत गेले,
खरखरीत चुन्यावर पेन्सिल बोटाला कळत नाही,
पण ही शेवटची रेघ सन्मतीनं दाबून ओढलीय.
छत्तीस.
माझ्या खांद्याला लागते.
नाक केव्हाचं वर आहे.