कूस

ठाटीपूरच्या नर्सिंग होममध्ये मी एकोणीस दिवस टिकले.
विसाव्या दिवशी एका पोराच्या मनगटावर
तीनदा सुई घातली, तिन्हीदा शीर निसटली.
त्याचा बाप काही बोलला नाही.
डॉक्टर बोलले, तेही फोनवर, दुसऱ्याच कुणाशी,
मी समोर उभी असताना.
पगार दिवसांवर मोजून मिळाला,
फुटलेल्या थर्मामीटरचे पैसे कापून.

त्याआधीची दोन वर्षं परीक्षेची तारीख शोधण्यात गेली.
कॉलेज म्हणे बोर्डाला विचारा,
बोर्डाच्या खिडकीवर कुलूप.
आई पांढरा कोट ट्रंकेतून काढायची,
घडी उलटी करून परत ठेवायची,
दुमडीवर पिवळा पडू नये म्हणून.

मग सगळीकडे एकच : अनुभव?
मुरारला खरं सांगितलं, एकोणीस दिवस. हसले.
पुढच्या ठिकाणी खोटं सांगितलं, काहीच नाही.
तिथे म्हणाले, कोरी मुलगी नको.

थंडीत दौलतगंजला गजकच्या दुकानात डबे बांधले.
तिळाचा वास नखांत बसला.
संध्याकाळी बाबांच्या हातावर शिरा शोधायचे,
सुईविना, नुसत्या बोटाने,
दाबायचं, सोडायचं, उसळी येते का बघायचं.
बाबा पेपर वाचत राहायचे,
पान उलटायला दुसरा हात वापरायचे.

मार्चमध्ये कंपूजवळचं इस्पितळ.
बाबूने रजिस्टरात लिहिलं, शलाका पिंगले.
म्हटलं, पिंगळे.
म्हणाला, वही तो लिखा है.
मातृभाषेचा रकाना मी नेहमीसारखा घाईत भरला.

बाकावर माझ्याआधी पाच जणी.
एकीकडे मामाची चिठ्ठी, एकीकडे दिल्लीचा अनुभव,
माझ्याकडे प्लास्टिकची फाइल, तिची चेन तुटलेली.
समोरच्या वॉर्डातून आवाज येत होता,
अर्ध्याच तोंडातून निघालेला, जड :
कूस. कूस.
सिस्टर धावली, मोसंबीचा जूस घेऊन.
तो ओठांवरून गळ्यात ओघळला.
पुन्हा : कूस.
या वेळी सफरचंदाचा.

मला कुणी बोलावलं नव्हतं.
"जूस नहीं, करवट माँग रही हैं," म्हणत
मी खांद्याखाली, कमरेखाली हात घातलाही होता.
गुडघा वाकवला, पाठीमागे उशी खोचली,
दुसऱ्या वर्षाला रबरी बाहुल्यावर शिकवलं होतं तसं.
बाहुल्याला वजन नव्हतं, एवढाच फरक.
पाठीवर जुन्या रुपयाएवढा लाल डाग,
अजून फुटला नव्हता.
बाई म्हणाल्या, हुश्श.
ते मात्र सगळ्यांना कळलं.

सोबतीला भाडेकरू होता, भिंडचा पोरगा.
म्हणाला, झटका आला आणि अम्माजींची हिंदी गेली.
या हिंदीतच तर दर महिन्याला भाडं वाढवायच्या.

मेट्रन लीलाम्मा, कोट्टयमच्या.
त्यांनी फाइल उघडली नाही.
लाल डाग बघून आल्या, हात धुतले,
पुसता पुसता विचारलं, नाइट करोगी?
साडेआठ हजार. तीन महिने कच्ची. पत्र नंतर.
बाकावरच्या पाच जणींकडे
मी जाताना पाहिलं नाही.

रात्री दोनला सलाइन थांबलं, हात सुजला.
नवी शीर हवी होती आणि वॉर्डात मी एकटी.
पहिली सुई चुकली.
"असू दे गं," बाई म्हणाल्या, डोळे मिटूनच.
दुसऱ्या हातावर बोट ठेवलं, दाबलं, सोडलं,
पेपराचं पान उलटेपर्यंत थांबतात तेवढं थांबले.
उसळी आली.
नळीत रक्त दिसलं, पातळ, मग लाल.

चिकटपट्टीवर तारीख लिहिली, वेळ लिहिली,
खाली सही, ळ सकट.
चार वाजता पुन्हा कूस बदलायची.